‘द आयर्न जायंट’ : स्मरणातलं रंजन आणि स्मरणातली कळ

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



सुरुवातीलाच एक विनंती. इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी ‘द आयर्न जायंट’ हा सिनेमा पाहिलाय, त्यांनी जरा हात वर करा. साधारण निम्मे आहेत. आता यातल्या कितीजणांनी तो १९९९ साली थिएटरात जाऊन पाहिला? एकही नाही. छान, मला हेच उत्तर हवं होतं. (हशा)

मीही नाही पाहिला. मी पाहिला तो काही वर्षांनी, हॉस्टेलवर, मित्राच्या कॉम्प्युटरवर, मार्करने नाव लिहिलेल्या सीडीवरून. आम्ही पाच-सहाजण होतो, सगळे इंजिनिअरिंगचे, स्वतःला फार मोठे समजणारे. शेवटच्या दहा मिनिटांत खोलीत कुणी बोलेना. सिनेमा संपल्यावर दिवा लावायला कुणी उठेना, कारण प्रत्येकाला आपला चेहरा लपवायचा होता. कार्टून बघून रडलो हे कबूल कोण करणार?

आज या सिनेमाबद्दल जगभर लोक फार हळवेपणाने बोलतात. आमच्या लहानपणीचा सिनेमा, असले सिनेमे आता होत नाहीत, वगैरे. पण गंमत अशी की त्या लहानपणी बहुतेकांनी तो पाहिलाच नव्हता. तो पडला होता. मग ही ओढ कशाची? आणि या ओढीपोटी आपण त्या सिनेमाचं काय करून ठेवलं? हे दोन प्रश्न घेऊन मी आलोय.

आधी शब्द बघू

नॉस्टॅल्जियाला आपण मराठीत ‘स्मरणरंजन’ म्हणतो. शब्द सुंदर आहे. त्यात स्मरण आहे आणि रंजन आहे. जुनं आठवायचं आणि मन रमवायचं.

मूळ शब्दात मात्र रंजन नाही. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या एका तरुणाने स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे वैद्यकाचा प्रबंध लिहिला. घरापासून दूर असलेली माणसं झुरतात, खात नाहीत, आजारी पडतात, हे त्याला मांडायचं होतं. त्याने दोन ग्रीक शब्द जोडले. ‘नोस्टोस’ म्हणजे घरी परतणं आणि ‘आल्गोस’ म्हणजे दुखणं, कळ. म्हणजे नॉस्टॅल्जिया हा मुळात एक आजार होता. तोही जागेच्या ओढीचा, काळाच्या नव्हे. काळाची ओढ हा अर्थ पुष्कळ नंतर चिकटला.

आता बघा, ग्रीक शब्दात कळ आहे आणि आपल्या शब्दात रंजन आहे. एकाच गोष्टीच्या या दोन बाजू. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ सालच्या ‘द फ्युचर ऑफ नॉस्टॅल्जिया’ या पुस्तकात असाच भेद केलाय. त्या म्हणतात, एक नॉस्टॅल्जिया असतो तो ‘परतण्या’वर भर देतो. हरवलेलं घर जसंच्या तसं पुन्हा बांधायला निघतो. दुसरा ‘कळे’वर भर देतो. तो घर बांधायला जात नाही, काय हरवलं आणि का हरवलं याचा विचार करत राहतो. हा भेद जरा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

गोष्ट

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. शेवट सांगणार आहे, आधीच माफी मागतो.

काळ १९५७चा, ऑक्टोबर महिना. अमेरिकेच्या मेन राज्यातलं रॉकवेल नावाचं काल्पनिक गाव. पहिल्याच दृश्यात पृथ्वीभोवती फिरणारा स्पुटनिक दिसतो. त्याच्याजवळून काहीतरी प्रचंड पृथ्वीकडे येतं आणि वादळात समुद्रात कोसळतं. तो एक लोखंडी यंत्रमानव असतो. इमारतीएवढा उंच, धातू खाऊन जगणारा. पडताना त्याच्या डोक्याला पोचा आलाय आणि आपण कोण, कुठून आलो, कशासाठी बनलो, हे तो विसरलाय.

हा महाकाय सापडतो होगार्थ नावाच्या मुलाला. होगार्थला वडील नाहीत. आई एका छोट्या हॉटेलात गिऱ्हाइकांना वाढायचं काम करते. मुलगा या यंत्राला बोलायला शिकवतो, कॉमिक्स वाचून दाखवतो आणि गावाबाहेर भंगार विकत घेऊन त्यातून शिल्पं करणाऱ्या डीन नावाच्या माणसाकडे लपवून ठेवतो. लपवायची उत्तम जागा, कारण खायला भंगारच भंगार!

मग सरकारी माणूस माग काढत येतो, केंट मॅन्सली. त्याचं म्हणणं साधं आहे. हे आपण बनवलेलं नाही, म्हणजे ते शत्रूचं. शत्रूचं आहे, म्हणजे नष्ट करा. पुढे सैन्य येतं. गोळीबार झाला की या यंत्राच्या आतून आपोआप शस्त्रं बाहेर येतात, डोळे लाल होतात. तेव्हा आपल्याला कळतं, हे यंत्र शस्त्र म्हणूनच बनलं होतं. होगार्थ समोर उभा राहून त्याला थांबवतो. तो शांत होतो. पण घाबरलेला मॅन्सली पाणबुडीवरून अण्वस्त्र सोडायचा हुकूम देऊन बसतो. आणि लक्ष्य काय, तर हा यंत्रमानव. तो उभा कुठे आहे? गावात! स्वतःच्याच गावावर स्वतःचाच बॉम्ब.

यंत्रमानव होगार्थला मागे थांबायला सांगतो, उडतो आणि वर आकाशात त्या अस्त्राला जाऊन धडकतो. धडकण्याआधी डोळे मिटून एकच शब्द बोलतो, ‘सुपरमॅन’. कॉमिक्समध्ये मुलाने त्याला दोन पात्रं दाखवली होती. एक विध्वंसक रोबो, एक सुपरमॅन. त्याने निवड केली होती.

ही गोष्ट कुठून आली

टेड ह्यूज हे इंग्लंडचे मोठे कवी. १९६८ साली त्यांचं ‘द आयर्न मॅन’ हे मुलांचं पुस्तक आलं. पाच रात्रींत सांगायची गोष्ट, अशी त्याची रचना आहे. अमेरिकेत ते ‘द आयर्न जायंट’ या नावाने निघालं, कारण तिकडे आयर्न मॅन नावाचा कॉमिक्सवाला आधीच बसला होता. ह्यूज यांची पत्नी, कवयित्री सिल्व्हिया प्लाथ, हिने १९६३ साली आत्महत्या केली. मागे दोन लहान मुलं राहिली. त्या मुलांना सांगितलेली ही गोष्ट.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच लोखंडी माणूस कड्यावरून पडतो आणि त्याचे तुकडे तुकडे होतात. मग हात डोळा शोधतो, डोळा दुसरा हात शोधतो आणि हळूहळू तो पुन्हा जुळतो. आई गेलेल्या मुलांना बाप ही गोष्ट सांगतोय, एवढं डोक्यात ठेवून ते पान वाचा. वेगळं काही सांगायची गरज उरत नाही.

दिग्दर्शक ब्रॅड बर्ड. पुढे ‘द इन्क्रेडिबल्स’ आणि ‘रॅटटुई’ ज्यांनी केले तेच. हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. १९८९ साली त्यांच्या बहिणीचा बंदुकीच्या गोळीने जीव गेला होता, गोळी झाडणारा तिचा नवराच. बर्ड स्टुडिओत गेले ते एकच प्रश्न घेऊन. बंदुकीला आत्मा असता आणि तिला बंदूक व्हायचंच नसतं, तर? पुस्तकात नसलेलं सगळं, म्हणजे १९५७, सैन्य, अण्वस्त्र, या एका प्रश्नातून उगवलंय. ह्यूज यांनी पटकथा वाचली आणि ती आवडल्याचं कळवलं. सिनेमा बघायला मात्र ते राहिले नाहीत, ऑक्टोबर १९९८ मध्ये गेले.

म्हणजे दोन माणसं, दोन मृत्यू. एकाने मुलांसाठी लिहिलं, दुसऱ्याने बहिणीसाठी केलं. या गोष्टीच्या तळाशी कळ आहे ती अशी. मुद्दाम सांगतोय, कारण पुढे हीच कळ गाळली जाणार आहे.

सिनेमा स्वतःच स्मरणरंजनाला उत्तर देतो

हा सिनेमा दिसायला अगदी उबदार आहे. शरद ऋतूतली तांबूस पानं, हॉटेलातला काउंटर, सायकली, टीव्हीवरचे भुताचे सिनेमे. गावाचं नावच रॉकवेल. नॉर्मन रॉकवेल हे अमेरिकेतले चित्रकार, गावगाड्यातल्या गोड प्रसंगांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध. अमेरिकन माणसाच्या मनातले जुने सोन्याचे दिवस म्हणजे रॉकवेलची चित्रं.

पण बर्ड त्या चित्राचा कोपरा उचलून खाली काय आहे ते दाखवतात. स्पुटनिक सुटला ४ ऑक्टोबर १९५७ला. गोळा केवढा? ८३ किलोंच्या आसपास. करायचा काय? ‘बीप बीप’. पण तेवढ्याने अमेरिकेची झोप उडाली, कारण ज्या रॉकेटने गोळा वर जातो त्याच रॉकेटने बॉम्बही येऊ शकतो. त्या काळात तिथल्या शाळांतून मुलांना शिकवायचे की अणुबॉम्ब पडला तर बाकाखाली शिरा आणि डोकं झाका. १९५१ साली त्यासाठी खास फिल्म केली होती, तिच्यात एक कार्टून कासव होतं, बर्ट नावाचं. सिनेमात होगार्थच्या वर्गात असलीच एक फिल्म दाखवतात, गाण्यासकट. आपल्याला हसू येतं. मग लक्षात येतं की खरोखरची मुलं हे गाणं म्हणत होती.

म्हणजे ज्या काळाला लोक ‘किती निरागस दिवस’ म्हणतात, त्या काळातली मुलं रोज मरणाची रंगीत तालीम करत होती. सिनेमा त्या काळावर प्रेम करतो, पण खोटं बोलत नाही. बॉइमबाईंच्या भाषेत हा कळेवर भर देणारा नॉस्टॅल्जिया.

आणि एक बारीक गोष्ट. २०१५ साली या सिनेमाची नवी आवृत्ती आली, तिच्यात दोन छोटी दृश्यं वाढवली. त्यातलं एक यंत्रमानवाच्या स्वप्नाचं आहे. तो झोपलाय आणि त्याचं स्वप्न डीनच्या टीव्हीवर उमटतं. त्याच्यासारखे असंख्य यंत्रमानव एक ग्रह उद्ध्वस्त करतायत. म्हणजे त्याचीही स्मृती परत येते आणि ती काही गोड नाही. त्याचं ‘मूळ घर’ म्हणजे युद्ध. परत तिकडेच जायचं की नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न. नॉस्टॅल्जियाचा याहून अवघड प्रश्न मला तरी माहीत नाही.

का पडला, आणि मग कसा उठला

६ ऑगस्ट १९९९. हिरोशिमाची तारीख, हा निव्वळ योगायोग. त्या दिवशी अमेरिकेत हा सिनेमा लागला. त्याच दिवशी ‘द सिक्स्थ सेन्स’ लागला. तो लोकांनी डोक्यावर घेतला. आपल्या यंत्रमानवाने पहिल्या शनिवार-रविवारी सुमारे ५७ लाख डॉलर मिळवले आणि नवव्या क्रमांकावर राहिला. अमेरिकेतली एकूण कमाई सव्वादोन-अडीच कोटी डॉलरच्या घरात, आणि खर्च त्याच्या निदान दुप्पट.

कारणं? आदल्याच वर्षी वॉर्नर ब्रदर्सचा ‘क्वेस्ट फॉर कॅमलॉट’ आपटला होता. ॲनिमेशनवरचा स्टुडिओचा विश्वासच उडाला होता. जाहिरात तोकडी पडली. त्या काळी असल्या सिनेमाबरोबर खेळणी, बर्गरच्या खोक्यातली बाहुली, असा सगळा लवाजमा लागायचा. तो जमवायला वेळच उरला नाही. शिवाय काळ बदलत होता. १९९५ला ‘टॉय स्टोरी’ येऊन गेली होती, हाताने काढलेल्या चित्रांचे दिवस भरत आले होते.

आता तंत्राची एक गंमत सांगतो. या सिनेमात माणसं हाताने काढलेली आहेत आणि यंत्रमानव कॉम्प्युटरवर केलेला आहे. कॉम्प्युटरची रेघ अगदी गुळगुळीत येते, हाताची रेघ किंचित थरथरते. दोन्ही शेजारी ठेवली की यंत्रमानव परका वाटायला लागला. मग त्यांनी प्रोग्राम लिहून यंत्राची रेघ मुद्दाम थोडी हलती केली. म्हणजे यंत्राला माणसांत बसवायचं तर त्याच्यात माणसाची चूक घालावी लागली. गोष्टीत तो होगार्थकडून शिकतो आणि कागदावर चित्रकाराच्या हाताकडून. आज मोठी माणसं हा सिनेमा बघून ‘काहीतरी वेगळं वाटतं’ म्हणतात, त्यात या थरथरीचा वाटा आहे असं मला वाटतं.

तर थिएटरातून तो गेला, पण समीक्षकांनी उचलून धरला. ॲनिमेशनचे ॲनी पुरस्कार असतात, ते नऊ मिळाले. मग व्हिडिओ कॅसेट, डीव्हीडी. अमेरिकेत कार्टून नेटवर्कने सुट्टीच्या दिवशी चोवीस-चोवीस तास हाच सिनेमा पुन्हा पुन्हा लावला. मुलं कधीही टीव्हीसमोर येणार, कधी मधूनच बघणार, कधी फक्त शेवट. असा तो घराघरात झिरपला.

मला वाटतं, ही ओढ वेगळी आहे ती इथे. गाजलेला सिनेमा सगळ्यांचा असतो. पडलेला सिनेमा ज्याला सापडतो त्याचा होतो. होगार्थला जसा जंगलात महाकाय सापडला, तसा हा सिनेमा एकेकाला एकट्याने सापडला. आणि मग प्रत्येकाची तीच धडपड, दुसऱ्याला दाखवायची. ‘तू हा पाहिला नाहीस? बस इथे.’

आणि आता कळीचा मुद्दा

इतकं प्रेम मिळाल्यावर काय होतं? प्रेमाचा बाजार होतो.

२०१८ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘रेडी प्लेअर वन’ आला. आभासी जगात सगळे खेळाडू जुन्या सिनेमांतली, खेळांतली पात्रं घेऊन वावरतात. शेवटच्या लढाईत एक खेळाडू आयर्न जायंट घेऊन येतो. थिएटरात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू? आपला दोस्त एवढ्या मोठ्या पडद्यावर! मग घरी येताना चुकल्यासारखं वाटायला लागलं. तो तिथे करत काय होता? शत्रूच्या सैन्यावर तुटून पडत होता, मेकागॉडझिलाशी झुंजत होता. ज्याने अख्ख्या सिनेमात एकच गोष्ट ठरवली, की मी बंदूक होणार नाही, त्यालाच आपण बंदूक म्हणून परत आणलं.

२०२२ साली वॉर्नरच्याच ‘मल्टिव्हर्सस’ या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्येही तो आला. तिथे सुपरमॅनही होता. म्हणजे तुम्ही आयर्न जायंट घेऊन सुपरमॅनला बदडू शकत होता. (हशा) हसू येतं, पण जरा थांबून विचार करा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘रेडी प्लेअर वन’मध्ये तो खरा यंत्रमानव नाही, खेळाडू चालवतो ते नुसतं कवच आहे. शिवाय तो तिथेही मित्रांसाठीच लढतो. हा युक्तिवाद मी ऐकलाय आणि तो बरोबर आहे. पण माझं दुखणं नेमकं तेच आहे. आपण कवच जपलं. पोचा, डोळ्यांचा प्रकाश, जबड्याचा आकार, सगळं बिनचूक. आत जो होता तो तेवढा राहून गेला.

स्मरणरंजनाचा धोका तो हाच. आठवणीतला आकार टिकतो, कारण आकार विकता येतो, टी-शर्टवर छापता येतो. निवड छापता येत नाही. कळ तर कुणीच विकत घेत नाही. परतण्याची घाई झाली की आपण वस्तू परत आणतो आणि ती वस्तू कशासाठी रडवून गेली होती, ते विसरतो. म्हणजे डोक्याला पोचा यंत्रमानवाच्या नाही, आपल्या आलाय.

सिनेमाच्या अगदी शेवटी आइसलंडमधल्या हिमनदीवर यंत्रमानवाचे विखुरलेले तुकडे हळूहळू एकत्र यायला लागतात आणि त्याचे डोळे उघडतात. पुस्तकात तुकडे जुळणं सुरुवातीला होतं, बर्ड यांनी ते शेवटी आणलं. आठवणीचंही तसंच असतं, तुकडे जुळतात. फक्त जुळल्यावर जो उभा राहतो तो कोण असावा, हे तुकडे ठरवत नाहीत. ते आपल्याला ठरवावं लागतं. 

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. यात हरीण मरतं, शेवटही दुःखाचा आहे. दाखवावा का?

उत्तर : हरणाचा प्रसंग खरोखर जड आहे. शिकारी हरीण मारतात. यंत्रमानव त्याला बोटाने हलवून बघतो, ते उठत नाही. मग होगार्थ त्याला मरण म्हणजे काय ते समजावतो. माझं मत विचाराल तर दाखवा, पण शेजारी बसून दाखवा. तिने प्रश्न विचारला तर सिनेमा थांबवा आणि बोला. होगार्थ तेच करतो, तो विषय टाळत नाही. आणि कृपा करून आधीच ‘हा माझ्या लहानपणीचा फार भारी सिनेमा आहे हं’ असं सांगू नका. तिला तो स्वतःहून सापडू दे.

प्रश्न : मग जुन्या सिनेमातली पात्रं पुन्हा वापरूच नयेत, असं तुमचं म्हणणं आहे का?

उत्तर : नाही नाही. तसं असतं तर ह्यूज यांच्या पुस्तकावर बर्ड यांनी सिनेमा करायलाच नको होता. बर्ड यांनी पुष्कळ बदललं. देश बदलला, काळ बदलला, पुस्तकातला ऑस्ट्रेलियाएवढा अवकाशातला ड्रॅगनसुद्धा काढून टाकला. तरी ह्यूज यांना पटकथा पटली, कारण तुटलेलं पुन्हा जुळतं हा गाभा त्यांनी हलवला नाही. खुशाल वापरा, बदला. फक्त वापरण्याआधी एकदा विचारा की मूळ गोष्टीत दुखत कुठे होतं. ती जागा सापडली की बाकी सगळं बदललं तरी चालतं.